डोंगरातल्या झऱ्याचा पीएच मोजताय? या चुका टाळा

पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; ७ च्या जितका खाली तितकं पाणी जास्त आम्ल. तो मोजतानाची पहिली चूक घाईची, आणि माझं डोकं फिरतं ते तिच्यावरच. ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटवरून येणाऱ्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरचा पाण्यात बुडवायचा प्रोब, स्थिर व्हायला चांगलाच वेळ घेतो. एकदा सोबत आलेल्या एका उत्साही पोराने पीएच ४ च्या बफरमधून (मीटर जुळवून घ्यायच्या द्रावणातून) काढलेला प्रोब जेमतेम झटकला, वाहत्या ओढ्यात बुडवला आणि अर्ध्या मिनिटात ५.२ लिहून टाकलं. वर ‘आम्लपावसाचा परिणाम’ असा शेराही मारला! तोच प्रोब ओढ्याच्याच पाण्याने तीन-चारदा विसळून, ग्लासातल्या निवांत पाण्यात ठेवला तेव्हा आकडा चढत चढत ६.४ वर थांबला. बफरचा एखादा थेंबही अशा पाण्याला भारी पडतो आणि प्रवाहानेही आकडा हलतो. मी प्रोब ग्लासात सोडतो, तोवर तापमान, वाहकता, नोंदी उरकतो. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी मीटर घरीच ठेवावा.

नमुन्याची बाटली अर्धी भरू नका. काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका. जमिनीतून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उडाला की पीएच वाढतो. उगमाशी कमी आणि खाली जास्त पीएच दिसतो, तो बऱ्याचदा याचमुळे.

दुसरी मोठी चूक म्हणजे नुसत्या पीएचवर निकाल देणं. स्वच्छ पावसाचाच पीएच सुमारे ५.६ असतो. पुढे तो किती सुधारेल हे खडक आणि माती ठरवतात. चुनखडीवरचा ओढा आम्ल सहज पचवतो, ग्रॅनाइटवरचा नाही. म्हणून अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मोजाच. पीएच ठीक असूनही ती शून्याकडे झुकलेली असेल तर पुढच्या मोठ्या पावसात ओढ्याचा पीएच कोसळणार.

आणि कोरड्या, उन्हाच्या दिवशीच मोजायला जायची सवय सोडा. बर्फ वितळताना त्यात साठलेलं आम्ल सुरुवातीच्या पाण्यातच बहुतेक बाहेर पडतं. तेव्हाच मातीतलं ॲल्युमिनियम सुटतं आणि माशांच्या कल्ल्यांना बाधतं. वर्षाची सरासरी काढणाऱ्याला हे दिसतच नाही.

पाणी चहासारखं तपकिरी असेल तर आधी दलदलीतल्या सेंद्रिय आम्लांचा विचार करा. सल्फेट (खाणीतून येणाऱ्या आम्लाची खूण) न मोजता खाणीवर बोट ठेवू नका.

चुना टाकून पीएच वाढतो, हे खरं. पण तो थेट ओढ्यात टाकला तर मातीतून निघून गेलेलं कॅल्शियम परत येत नाही. टाकणं थांबलं की आकडा पुन्हा उतरतो.