हृदयरुग्णांमधलं नैराश्य तपासताना या चुका टाळा

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पाच जणांत साधारण एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य असतं. त्याहून सौम्य त्रास असणारे वेगळेच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये सांगून ठेवलं की अशा रुग्णांना आधी दोन प्रश्न विचारा आणि त्यात काही आढळलं तर पुढचे सगळे मिळून नऊ. पीएचक्यू-२ आणि पीएचक्यू-९ या त्या प्रश्नावल्या. प्रत्येक उत्तराला गुण असतात, बेरीज जितकी जास्त तितका त्रास जास्त. फॉर्म फुकट आहे, मराठीत मिळतो आणि दहा मिनिटांत होतो. म्हणूनच बहुधा त्याची इतकी हेळसांड होते. हृदयरोग ओपीडीत समुपदेशनाचं काम करताना नव्या मुलामुलींच्या त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितेय.

नातेवाइकांसमोर विचारणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. विरार, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून आलेल्या माणसासोबत बायको असते, नाहीतर अर्धी रजा टाकून आलेला मुलगा. आणि उत्तरं तेच देतात.

बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका अँजिओप्लास्टीनंतरच्या तपासणीला आले होते. नवीन मुलगी फॉर्म घेऊन बसली. ‘झोप लागते का?’ काकू म्हणाल्या, ‘लागते की, चांगले घोरतात.’ ‘जेवण?’ ‘ताटात वाढलेलं संपवतात हो.’ ‘उदास वाटतं का?’ यावर काकू हसल्या, ‘यांना कसलं उदास, आधीपासूनच कमी बोलतात.’ काका समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. बेरीज झाली तीन. मुलीने खाली रेघ मारली आणि पुढच्या नंबरला हाक मारली.

मी काकूंना केस पेपर देऊन औषधांच्या रांगेत पाठवलं. ती रांग अर्ध्या तासाची असते, हे मला माहीत होतं. मग काकांना विचारलं, ‘दुपारी घरी काय करता?’ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘काही नाही. जिन्याची भीती वाटते. खाली उतरलो आणि वर चढताना काही झालं तर?’ तिसरा मजला, लिफ्ट नाही. नाक्यावरच्या मित्रांकडे जाणं बंद, भजनाला जाणं बंद. आणि मग आपणहून सांगितलं की रात्रीच्या गोळ्या काकू हातावर ठेवतात, हे नुसता पाण्याचा घोट घेतात आणि काकू आत वळल्या की गोळ्या खिडकीतल्या कुंडीत. ‘कशासाठी घ्यायच्या?’ त्यात क्लोपिडोग्रेल होती, रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी. नवा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) असताना ती गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा अटॅक येऊ शकतो. तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा बेरीज सोळा आली.

काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांना दिसत होतं तेच त्या सांगत होत्या. म्हणून माझी सवय अशी: नातेवाइकांना काहीतरी काम देऊन बाहेर पाठवायचं. रांग, झेरॉक्स, बीपीची नोंद, काहीही. ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ असं सरळ म्हटलं तर शंका येते आणि ते दारातच उभे राहतात. सुरुवातही फॉर्मने करत नाही, घरातल्या दुपारपासून करते. नंतर मात्र नातेवाइकांशी वेगळं बोलायचं, कारण चिडचिड किती वाढलीय हे तेच सांगतात.

नुसती बेरीज बघणं

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. एकूण बेरीज सात, म्हणजे ‘सौम्य’, आणि नवव्यात ‘काही दिवस’वर खूण. असा फॉर्म मी फाइलमध्ये लावलेला बघितलाय, वर ‘पुढील भेटीत पाहू’ असा शेरा. त्या दिवशी मी कोणावर तरी ओरडले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मी फॉर्म खालून वर वाचते. नवव्यात शून्याशिवाय काहीही असेल, तर बेरीज विसरायची आणि स्पष्ट विचारायचं: जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करावं असं मनात येतं का, काही ठरवलंय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ‘आता देवाने उचलावं’ म्हणणारे म्हातारे बरेच भेटतात. प्रत्येक जण धोक्यात नसतो, पण कोण आहे आणि कोण नाही हे न विचारता कळत नाही. ठरवलंय असं उत्तर आलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे स्वतः घेऊन जायचं. घरातल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला सांगायचं. केस पेपरवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहायचा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

थकवा कोणाचा, हे न विचारणं

नऊपैकी झोप, थकवा, भूक, मंदावलेली हालचाल हे सगळं हृदयाच्या आजारातही होतं. इथे दोन टोकं दिसतात. ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, ‘पंपिंग कमी आहे, थकणारच’, आणि विषय संपतो. नवशिके सगळे गुण जोडून नैराश्य जाहीर करतात. मी गुण कापत नाही, पण प्रत्येक खुणेला ‘का’ विचारते. रात्री तीनदा जाग येते? लघवीची गोळी संध्याकाळी घेताय का? आडवं झाल्यावर दम लागतो का? एका आजींची झोप गोळीची वेळ डॉक्टरांनी सकाळची करून दिल्यावर सुधारली. कशातच मन न लागणं, उदास वाटणं, आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटणं, या तीन उत्तरांकडे मी जास्त लक्ष देते. ती निकामी हृदयाच्या नावावर सहज खपत नाहीत. आणि थायरॉइड तपासा, विशेषतः हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं अमिओडेरोन चालू असेल तर. हिमोग्लोबिनही.

बाकीच्या, थोडक्यात

आयसीयूत दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरू नका. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल आहेत आणि त्या माणसाचं कालचंच आयुष्य उलटंपालटं झालेलं असतं. मरणाचे विचार मात्र तिथेही विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून ‘भरून घ्या’ हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. लिंक सून भरते.

दहा किंवा जास्त गुण म्हणजे निदान नव्हे. निदान मुलाखतीतून होतं.

‘पॉझिटिव्ह विचार करा, काका.’ कृपा करून नको.

केमिस्टकडून झोपेची गोळी किंवा शेजाऱ्याची ‘मनाची गोळी’ घेऊ देऊ नका. अटॅकनंतर अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्याची जुनी औषधं शक्यतो टाळतात. सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या नव्या गटातल्या गोळीवर हृदयरुग्णांमध्ये चाचणी झाली आहे, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यात हृदयासाठी धोका दिसला नाही. पण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसोबत या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि त्याच गटातल्या सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम देताना ईसीजीकडे लक्ष ठेवावं लागतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांच्या हातात हृदयाच्या औषधांची पूर्ण यादी पडलीच पाहिजे. मी पाकिटांचा फोटो काढून कागदाला जोडते.

पुढे कोण बघणार हे ठरवण्याआधीच फॉर्म वाटणं

दुपारच्या आत तीस फॉर्म भरल्याचा आनंद मला समजत नाही. अमेरिकेत सुमारे १५०० हृदयरुग्णांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची सरसकट तपासणी केली त्यांचं जीवनमान १८ महिन्यांनंतर बाकीच्यांपेक्षा चांगलं झालेलं दिसलं नाही. काही जण हा निकाल दाखवून म्हणतात, मग कशाला विचारायचं? मला त्यातून एवढंच कळतं की कागद भरून कोणी बरं होत नाही. आमच्याकडे ‘मानसोपचार ओपीडी, मंगळवार’ एवढं लिहिलेल्या चिठ्ठ्या लोक परत घरी घेऊन जातात, कारण मंगळवारी पुन्हा रजा कोण देणार? त्यामुळे मी हृदयाची पुढची तारीख मानसोपचाराच्या दिवशीच मागून घेते. डॉक्टर कुरकुरतात, पण देतात. रुग्ण आला नाही तर फोन करते, सकाळी नाही, दुपारी, तो घरी एकटा असतो तेव्हा. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारते आणि जुना कागद शेजारी ठेवते. त्यासाठी जुन्या कागदावर तारीख हवी. ती टाकायला अर्धी मुलं विसरतात.