ओटचा हिरवा चारा: पेरणी टप्प्याटप्प्याने, कापणी वेळेवर

रब्बीत हिवाळाभर हिरवी वैरण हवी असेल, तर ओटसारखं पीक नाही. फक्त सगळं रान एकदम पेरू नका, नाहीतर सगळा चारा एकाच वेळी कापणीला येतो आणि निम्मा निबर होतो.

हिशोब सोपा आहे. एकरी 40 किलो बियाणं लागतं, म्हणजे गुंठ्याला एक किलो. चांगल्या पिकात पहिल्या कापणीला गुंठ्यातून साधारण 200 ते 250 किलो चारा निघतो. गाईला रोजचा 20 ते 25 किलो धरला, तर गुंठाभर ओट एका गाईला दहाएक दिवस पुरतो. त्यानुसार वाफे पाडा आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरात पंधरा-पंधरा दिवसांनी पेरा.

जमीन मध्यम ते भारी, पण निचऱ्याची हवी. नांगरट करून कुळवाच्या दोन पाळ्या द्या, शेणखत मिसळा. दोन कापण्या घ्यायच्या असतील तर केंट किंवा राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले हरिता वाण घ्या. पाभरीने 25 ते 30 सेंटिमीटरवर ओळी धराव्यात. नंतर एक खुरपणी आणि दर दहा-बारा दिवसांनी पाणी, एवढं पुरे.

खरी कसोटी कापणीची. पहिली कापणी 50 ते 55 दिवसांनी घ्या, आणि विळा जमिनीपासून 8 ते 10 सेंटिमीटर वर चालवा. मजूर सवयीने बुडातून कापतात. तिथे स्वतः उभं राहा, कारण खोडकं राहिली तरच नवे फुटवे जोमाने येतात. कापल्यावर युरियाचा हप्ता द्या आणि लगेच पाणी सोडा. दुसरी कापणी निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावर करा. नुकताच युरिया दिलेला कोवळा चारा मात्र जनावरांना घालू नका, त्यात नायट्रेट जास्त असू शकतं. एरवीही नुसता ओट न घालता कडब्याबरोबर कुट्टी करून द्यावा.

जास्तीचा चारा वाळवायचा असेल तर पातळ पसरा, उलथापालथ करा. पानं आधी वाळतात आणि फसवतात, म्हणून खोडाचं पेर नखाने दाबून पाहा. ओल लागली तर आणखी एक ऊन द्या. ओलसर गंजीला आतून बुरशी येते आणि तो चारा जनावराला घालता येत नाही.