चित्रशाळेचे निरोप: संदेश आणि फोन लो-कोड साधनांनी स्वयंचलित कसे करावेत

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ-दहा दिवसांवर आली की गोव्यातील कोणत्याही चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवल्या जातात त्या जागी, दिवसभर एकच प्रश्न फोनवरून येत राहतो: आमची मूर्ती झाली का? मूर्तिकाराचे हात रंगात असतात. फोन उचलला तर डोळ्यांची आखणी अर्धवट राहते आणि न उचलला तर एखादे कुटुंब भर पावसात गाडी घेऊन येते आणि मूर्ती अजून ओली असल्याचे पाहून परत जाते. डिचोली तालुक्यातील आमच्या नात्यातल्या एका चित्रशाळेसाठी मी संदेश आणि फोन आपोआप जाण्याची व्यवस्था लावून दिली, तेव्हा जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो आहे. दवाखाना, गॅरेज, शिकवणी वर्ग किंवा होमस्टे चालवणाऱ्यांनाही हीच पद्धत थोड्या फरकाने वापरता येईल.

लो-कोड साधन म्हणजे असा फलक, ज्यावर प्रत्येक काम एका चौकटीत असते आणि चौकटी रेषांनी जोडल्या की कामांचा प्रवाह तयार होतो. ट्विलिओचा स्टुडिओ, मेक, झॅपिअर, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारे एनएटएन आणि आयबीएममध्ये २०१३ साली जन्मलेले, पूर्णपणे मुक्त स्रोत असलेले नोड-रेड ही या वर्गातील परिचित नावे आहेत. संदेश आणि फोन प्रत्यक्ष पोहोचवण्याचे काम मात्र वेगळी सेवा करते. त्यासाठी बंगळूरची एक्झोटेल किंवा इंदूरची एमएसजी९१ यांच्यासारखी, येथील नियमांची सवय असलेली सेवा घ्यावी, म्हणजे पुढे सांगितलेली नोंदणी सोपी जाते.

आधी कागदावर

संगणक उघडण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: कोणती घटना घडल्यावर निरोप जावा, तो कोणाला जावा, किती वाजता जावा आणि तो पोहोचला नाही तर पुढे काय व्हावे. पहिल्या तीन गोष्टी सगळेच लिहितात. चौथी मात्र बहुतेक जण सोडून देतात आणि माझ्या मते सगळी व्यवस्था त्या चौथ्या उत्तरावरच उभी असते. प्रवाहाची प्रत्येक फांदी शेवटी कोणत्या तरी माणसाच्या हातात गेली पाहिजे. आमच्या कागदावर ते उत्तर असे होते: संदेश पोहोचल्याची खूण अर्ध्या तासात आली नाही किंवा संध्याकाळपर्यंत कोणी होकार कळवला नाही तर फोन जावा, फोन दोनदा उचलला गेला नाही तर ते नाव रोज सायंकाळी सातच्या यादीत यावे, आणि त्या यादीतील घरांना वहिनींनी स्वतः फोन करावा.

वहीतून शीटमध्ये

आपल्याकडे मूर्ती सांगायला येणारे कुटुंब घरचा पाट चित्रशाळेत आणून देते आणि त्या पाटावर क्रमांक घातला जातो. नोंदीची किल्ली म्हणून हाच क्रमांक वापरावा, कारण एकाच गावात एकाच आडनावाची दहा घरे असतात, पण पाट क्रमांक एकच असतो. गूगल शीटमध्ये पाट क्रमांक, नाव, फोन, भाषा, मूर्तीची स्थिती, नेण्याचा दिवस आणि 'संदेश गेल्याची वेळ' असे रकाने करावेत.

फोनच्या रकान्यावर सर्वांत जास्त कष्ट घ्यावे लागतात. तो रकाना सुरुवातीलाच साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवावा, नाहीतर शीट पुढचे शून्य आणि अधिकचे चिन्ह गिळून टाकते. प्रत्येक क्रमांक अधिकचे चिन्ह, ९१ आणि पुढे दहा अंक अशा आंतरराष्ट्रीय पद्धतीनेच साठवावा. मराठी कळफलकावरून नोंद करणारा माणूस सहज देवनागरी अंक टाकतो आणि ते डोळ्यांना बरोबर दिसतात, पण संदेशसेवा असा क्रमांक नाकारते. म्हणून प्रवाहात सर्वांत आधी देवनागरी अंकांचे रोमन अंकांत रूपांतर करणारी चौकट ठेवावी. जुन्या वह्यांत ०८३२ ने सुरू होणारे घरचे दूरध्वनीही सापडतात. लँडलाइनवर संदेश पोहोचत नाही, त्यामुळे अशा क्रमांकांना वेगळी खूण करून त्यांची वाट थेट फोनच्या फांदीकडे वळवावी.

नोंदणी टाळता येत नाही

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याला डीएलटी नावाच्या प्रणालीत नोंदणी करावी लागते. एअरटेल, जिओ, व्होडाफोन आयडिया किंवा बीएसएनएल यांपैकी एकाच्या डीएलटी पोर्टलवर ती होते. पहिल्यांदा व्यवसायाची नोंद होते, मग सहा अक्षरी हेडरची, म्हणजे संदेश ज्या नावाने दिसतो त्या नावाची, आणि शेवटी प्रत्येक मजकुराच्या टेम्प्लेटची. टेम्प्लेटमध्ये क्रमांक, दिवस, वेळ अशा बदलत्या जागा सोडता येतात, पण बाकीचा मजकूर मंजूर झाला तसाच जावा लागतो. एखादा शब्द किंवा विरामचिन्ह बदलले तरी संदेश वाटेतच अडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील दुवाही आधी नोंदवलेला असावा लागतो. २०२५ पासून हेडरच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी यांपैकी एक अक्षर दिसते, आणि त्यावरून संदेश प्रचाराचा, सेवेचा, व्यवहाराचा की शासकीय आहे हे वाचणाऱ्याला कळते. 'मूर्ती तयार आहे' हा सेवेचा संदेश आहे. त्यातच पुढच्या वर्षीच्या सवलतीचे वाक्य घुसडले तर तो प्रचाराचा होतो, म्हणून तसे करू नये.

फोनचे नियम वेगळे आहेत. प्रचाराच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठेवलेले आहेत आणि साध्या दहा अंकी क्रमांकावरून असे फोन करणे नियमबाह्य आहे. आपला निरोप सेवेचा असला तरी तो कोणत्या क्रमांकावरून जाईल, हे सेवा देणाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे. या सगळ्या सोपस्कारांना दिवस लागतात. चवथीसाठी व्यवस्था हवी असेल तर जूनमध्येच अर्ज करावा.

सत्तर चिन्हांचा हिशेब

मराठी संदेश लिहिताना लांबीचा हिशेब नीट समजून घ्यावा. रोमन लिपीतील साध्या संदेशात १६० चिन्हे मावतात, पण देवनागरी संदेश युनिकोडमध्ये जातो आणि त्यात एका भागाला फक्त ७० चिन्हे मिळतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांची वेगवेगळी मोजणी होते. 'मूर्ती' हा शब्द आपण दोन अक्षरी म्हणून वाचतो, पण यंत्र त्यात म, उकार, र, हलन्त, त आणि वेलांटी अशी सहा चिन्हे मोजते. आमचा पहिला मजकूर असा होता:

"पाट क्र. ११२ ची मूर्ती तयार आहे. शनिवारी सकाळी १० ते १ या वेळेत न्यावी."

जागा आणि विरामचिन्हे धरून ही बरोबर ७१ चिन्हे होतात. एका चिन्हामुळे संदेशाचे दोन भाग होतात आणि पैसे दुप्पट लागतात. शेवटचा पूर्णविराम काढला की ७० होतात, पण 'शनिवारी' ऐवजी 'मंगळवारी' आले की पुन्हा ७१. अशी काटकसर करून उपयोग नाही, शिवाय वरच्या मजकुरात चित्रशाळेचे नावही नाही. नाव नसलेला निरोप फसवणुकीचा वाटू शकतो. दोन भागांच्या संदेशात प्रत्येक भागाला ६७, म्हणजे एकूण १३४ चिन्हे मिळतात. मी सरळ दोन भागांचा खर्च धरायला सांगतो आणि त्या जागेत चित्रशाळेचे नाव, पाट क्रमांक, दिवस आणि वेळ हे सारे स्पष्ट लिहितो.

आणखी एक मुद्दा, ज्यावर परदेशी मार्गदर्शिका हमखास चुकवतात. 'होय असल्यास १ असे उत्तर पाठवा' ही त्यांची आवडती रचना असते आणि ट्विलिओच्या स्टुडिओत त्यासाठी उत्तराची वाट पाहणारी खास चौकटही आहे. आपल्याकडे संदेश अक्षरी हेडरवरून येतो आणि त्या हेडरला उत्तर पाठवताच येत नाही. म्हणून होकार मिस्ड कॉलने किंवा फोनवर अंक दाबूनच घ्यावा लागतो. मिस्ड कॉलचा क्रमांक संदेशात द्यायचा असेल तर तोही डीएलटीवर आधी नोंदवून घ्यावा.

प्रवाह जोडताना

शीटमधील स्थिती 'तयार' झाली की संदेश जावा, ही रचना सोपी दिसते, पण तिच्यात दुबार संदेशाची अडचण दडलेली आहे. पहिल्या वर्षी माझ्याच आळसामुळे एका कुटुंबाला एकच संदेश तीनदा गेला. दोघे जण त्याच ओळीत दुरुस्ती करत होते आणि प्रत्येक दुरुस्तीला प्रवाह नव्याने सुरू होत होता. त्या घरातील आजोबांनी काळजीने फोन करून मूर्तीला काही झाले का असे विचारले, ते मला अजून बोचते. उपाय असा: संदेश पाठवण्याआधी 'संदेश गेल्याची वेळ' हा रकाना तपासावा, तो रिकामा असेल तरच पुढे जावे, आणि पाठवण्याची चौकट चालण्यापूर्वीच तेथे खूण लिहून ठेवावी. सेवेने चूक कळवली तर ती खूण पुसणारी फांदीही सोबत जोडावी.

प्रत्येक बदलाला प्रवाह चालवण्यापेक्षा तो ठरावीक वेळी, समजा दर अर्ध्या तासाने, चालवणे मला अधिक सुरक्षित वाटते. तेथे प्रश्न विचारताना 'आज तयार झालेल्या मूर्ती' असे न विचारता 'तयार असलेल्या, पण संदेश न गेलेल्या सर्व मूर्ती' असे विचारावे. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे वाऱ्यापावसाने वीज आणि नेट जाणे नवे नाही, आणि प्रवाह दुकानातल्या संगणकावर असेल तर वेळापत्रकातील हुकलेली वेळ परत येत नाही. दुसऱ्या प्रकारे विचारले तर वीज आल्यावर राहिलेले सर्व निरोप आपोआप मार्गी लागतात.

घड्याळ तपासल्याशिवाय काहीही सुरू करू नये. अनेक सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तेथे सायंकाळी साडेसहाची वेळ घातली तर निरोप बरोबर मध्यरात्री जाईल. स्वतः बसवलेल्या एनएटएनमध्ये काही न बदलल्यास न्यूयॉर्कची वेळ धरली जाते, त्यामुळे पावसाळ्यात सकाळी नऊला ठरवलेला संदेश येथे सायंकाळी साडेसहाला निघतो. सेटिंगमध्ये आशिया-कोलकाता हा वेळपट्टा निवडावा आणि स्वतःच्या फोनवर एक संदेश पाठवून खात्री करावी.

'पाठवला' आणि 'पोहोचला' या दोन स्थितींतील फरकही प्रवाहाला शिकवावा. पहिलीचा अर्थ एवढाच की सेवेने संदेश पुढे सोपवला. पोहोचल्याची पावती नंतर वेबहुकवर येते, म्हणजे सेवा आपल्या प्रवाहाच्या पत्त्यावर स्वतः खबर देते. संदेश पाठवल्यापासून अर्ध्या तासात ती पावती आली की नाही, यावरून पुढची फांदी ठरवावी.

फोनवरचा आवाज

फोनसाठी यंत्राचा आवाज मराठीत मिळतो, पण ठरलेली वाक्ये घरच्या माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत असे मी आग्रहाने सांगेन. चित्रशाळेतला ओळखीचा आवाज ऐकला की लोक फोन ठेवत नाहीत. दूरध्वनीची वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते, त्यामुळे मागे आरती किंवा वाद्ये लावली तर पलीकडे नुसता गोंगाट ऐकू येतो. बंद खोलीत, पंखा थांबवून, संथ लयीत बोलावे.

मजकुरात आधी काम सांगावे आणि मग अंक: "ठरलेल्या वेळी मूर्ती नेणार असाल तर एक दाबा. वेळ बदलायची असेल तर दोन दाबा. आमच्याशी बोलायचे असेल तर तीन दाबा." अंक आधी सांगितला तर ऐकणारा वाक्य संपेपर्यंत तो विसरतो. वयस्क माणसाला फोन कानावरून खाली घेऊन, चष्मा लावून अंक शोधावा लागतो, म्हणून वाट पाहण्याची वेळ निदान दहा सेकंद ठेवावी. काहीच दाबले नाही तर मजकूर एकदा पुन्हा ऐकवावा आणि मग ते नाव सातच्या यादीत टाकावे. तीन दाबल्यावर जोडला जाणारा फोन कोणी तरी नक्की उचलेल अशाच माणसाचा असावा.

भाषेचा प्रश्न प्रत्येक फोनवर विचारू नये. पाट घेताना 'निरोप मराठीत हवा की कोंकणीत' असे तोंडी विचारून शीटमध्ये लिहून ठेवावे आणि प्रवाहाने त्याप्रमाणे ध्वनिफीत निवडावी.

येणाऱ्या फोनसाठी रचना लहान आहे: फोन करणाऱ्याने पाट क्रमांक दाबून शेवटी हॅश दाबावा, प्रवाहाने शीट पाहावी आणि 'तयार आहे' किंवा 'अजून काम चालू आहे' यांपैकी योग्य ध्वनिफीत ऐकवावी. क्रमांक सापडला नाही तर फोन माणसाकडे जावा.

सुरू करण्याआधी घरातल्या पाच फोनवर पूर्ण चाचणी घ्यावी. त्यात एक फोन बंद ठेवावा, एकावर फोन कापावा, एकावर चुकीचा अंक दाबावा आणि प्रत्येक वेळी नाव सातच्या यादीत आले का ते पाहावे. पहिल्या दिवशी सगळ्यांना निरोप न पाठवता एका वाड्यातील दहा-पंधरा घरांनाच पाठवावेत.

चवथीच्या दिवशी शेवटचा पाट घरी गेला की वेळापत्रकाची चौकट बंद करावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुळाशी संमती आणि ठरलेले कारण या दोन गोष्टी आहेत, म्हणून पुढच्या वर्षीसाठी क्रमांक ठेवू का, हे पाट घेतानाच विचारून त्याचा एक रकाना करावा. ज्यांनी नको म्हटले आहे त्यांच्या ओळीतील फोन क्रमांक त्याच आठवड्यात पुसावेत आणि संदेशसेवेच्या यादीतूनही ते काढावेत.