डबल क्लिक करण्याआधी: पोर्टलवरची यादी एक्सेलमध्ये घेताना

अतिवृष्टीचे पंचनामे उरकले की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी दुसरी धांदल सुरू होते, याद्यांची. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) असो, ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) असो की त्यांना टायपिंगला मदत करणारा सेतू केंद्रातला पोरगा, प्रत्येकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ‘रिपोर्ट’, ‘रिपोर्ट १’, ‘रिपोर्ट २’ अशी रांग लागलेली असते. त्यातली कुठलीच फाइल अजून उघडू नका.

आधी पोर्टलवरच थांबा. तालुका, मंडळ, हंगाम, वर्ष नेमकं काय निवडलं होतं आणि स्क्रीनवर एकूण खातेदार व एकूण क्षेत्र किती दिसत होतं, हे वहीत टिपा. काही पोर्टल फक्त समोर दिसणारं पान उतरवून देतात; यादी ५० किंवा १०० ओळींवर नेमकी संपली तर शंका घ्या. फाइलच्या नावात तालुका आणि तारीख घाला, तारीख वर्षापासून सुरू करा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि काम कायम नकलेवर करा.

आता मुख्य गोष्ट. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) डबल क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक रकान्याचा अर्थ स्वतःच्या अकलेने लावतं, आणि गट नंबर म्हणजे काय हे त्याच्या गावीही नसतं. गट १२/१ चं १२ जानेवारी होतं. मागाहून रकाना ‘टेक्स्ट’ केला तर ४६०३४ सारखा भलताच आकडा हाती येतो, मूळ गट परत मिळत नाही. १४५/२ मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणून वरवर पाहणाऱ्याला यादी ठीकच वाटते. बँक खात्यांचंही तसंच. सुरुवातीची शून्यं गळतात, आणि एक्सेल १५ च अंक नेमके धरून ठेवतं, त्यामुळे १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. आधार १२ अंकी, तो आत शाबूत असतो, पण २.३४ई+११ असा दिसत असताना तीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर जे दिसतं तेच लिहिलं जातं. मग अनुदान कुणाच्या खात्यावर पाठवणार?

म्हणून कोरी शीट उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या. गावांची नावं अगम्य खुणांसारखी दिसली तर फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. डेटा टाइप ओळखू नये असा पर्याय तिथेच आहे, तो लावा. सगळं मजकूर म्हणून येईल. मग क्षेत्र आणि रक्कम एवढेच रकाने आकड्यांचे करा. लिब्रे ऑफिसमध्ये ही खिडकी आपोआप येते, तिथे रकान्यावर क्लिक करून ‘टेक्स्ट’ ठरवता येतं. गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे-तारखा करण्याची खूण काढून टाका.

तारखांसाठी संगणकाचं रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ आहे का ते बघा. अमेरिकन असेल तर ०५/०९/२०२५ चा मे महिना होतो आणि १५/०९/२०२५ नुसता मजकूर राहतो. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजायचं, घोळ झालाय.

कधी कधी फाइलचं नाव एक्सएलएस असतं, पण आत वेबपानाचा मजकूर असतो. स्वरूप जुळत नाही असा इशारा येतो. फाइल खात्रीच्या सरकारी पोर्टलवरची असेल तर ‘येस’ म्हणून आधी एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करा. मात्र ती उघडतानाही गट आणि खाते क्रमांक बदलू शकतात, म्हणून त्याच रिपोर्टची सीएसव्ही मिळत असेल तर तीच घ्या.

सरकारी तक्त्याची खोड सगळ्यांना ठाऊक आहे: जोडलेले मथळे, त्याखाली १, २, ३ अशी रकाना क्रमांकांची ओळ, मधेच मंडळनिहाय बेरीज आणि तळाला ‘एकूण’. या ओळी काढल्या नाहीत तर क्षेत्र दुप्पट-तिप्पट होतं. क्षेत्राला दोन दशांश स्थळं ठेवा. २.४० चं २.४ झालं तर बेरीज चुकत नाही, पण वाचणारा २ हेक्टर ४ आर वाचतो. पावसाच्या तक्त्यात रिकामी जागा म्हणजे शून्य मिलिमीटर नव्हे. तिथे घाईने शून्य भरलं की मंडळाची सरासरी खाली येते.

दोन याद्या जोडायच्या असतील तर गावाच्या नावावर जोडू नका, कोडवर जोडा. पिंपळगावं किती, हे कुठल्याही तलाठ्याला विचारा! जिल्ह्यांचंही बघा: जुन्या फाइलीत औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्यात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, याद्या जुळवणाऱ्या व्हीलूकअप सूत्राला ही चार वेगवेगळी नावं. नाव दिसायला तेच असून जुळत नसेल तर मागे वेबपानातली न दिसणारी जागा चिकटलेली असते. ती ट्रिम सूत्राने जात नाही, सबस्टिट्यूट सूत्र वापरून कॅरॅक्टर १६० काढावं लागतं.

शेवटी वहीतले आकडे काढून शीटच्या बेरजेशी ताळा करा. जुळलं तरच पुढे पाठवा, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या प्रतीतून आधार व खाते क्रमांकाचे रकाने नुसते लपवू नका, पुसून टाका.