लंडनच्या रिचमंड पार्कला ग्रॅव्हल बाईक (खडी-मातीच्या वाटांसाठीची सायकल) घेऊन जायचंय?

लंडनमध्ये राहताय तर टॅमसिन ट्रेल बघा, साधारण 12 किमीचा मातीखडीचा लूप, अख्ख्या पार्कच्या कडेकडेने. हे पार्क इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याने 1637 साली शिकारीसाठी भिंत घालून बंद केलं, ती भिंत आजही आहे, म्हणून हरवायची भीती नाही.

रिचमंड स्टेशनवरून चढ चढून रिचमंड गेट गाठा आणि घड्याळाच्या दिशेने निघा. सुरुवात निवांत, रोहॅम्प्टन गेटला कॅफे आहे, चहा मारून घ्या कारण रॉबिन हूड गेटनंतर ब्रूमफिल्ड हिलचा चढ पायांचा दम काढतो, तिथे सुटी खडी असते, उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, त्यामुळे सीटवर बसूनच हलक्या गिअरात चढा. टायर 35-40 मिमीचे बास, हवा जरा कमीच ठेवा.

ट्रेल सोडून गवतात किंवा झाडांमधल्या पायवाटांवर सायकल चालत नाही, पार्कातल्या इझाबेला प्लांटेशन या बागेत तर अजिबात नाही. चालणारे, पोरं, कुत्री सगळे याच वाटेवर, म्हणून स्पीड मारायची हौस दुसरीकडे भागवा. हरणांपासून 50 मीटर लांब, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात तेव्हा फोटोच्या नादात तर जवळ जाऊच नका.

दम उरला तर हॅम गेटमधून बाहेर पडून टेम्सकाठच्या वाटेने रिचमंडला परत या, पावसानंतर मात्र चिखल फार.