नवरा न्यू जर्सीत, तारीख शिवाजीनगरला

पक्षकार बाई समोर बसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "त्याला सगळं माहितीये हो." असेल. पण नवरा परदेशात असला, तरी घटस्फोटाच्या दाव्यात कोर्टाला बजावणी झाल्याचा, म्हणजे समन्स त्याला रीतसर पोचल्याचा, कागद हवा असतो. तो नीट नसला, तर त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाल्यावर नवरोबा उगवतात, 'मला समन्सच मिळालं नाही' म्हणतात आणि हुकूमनामा रद्द करून मागतात. मी पुण्यात वकिलांकडे कारकुनी करतो, फॅमिली कोर्टाच्या फायली माझ्याच हातून जातात, म्हणून सांगतोय.

तो सही करायला तयार असेल, तर परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज करा, हा सगळा खटाटोपच टळतो. नसेल, तर आधी देश बघा. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया हे परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याच्या 1965 च्या हेग करारात आहेत. आपल्याकडे तो 1 ऑगस्ट 2007 पासून लागू आहे. दुबईचं तसं नाही, अमिरातीशी आपला वेगळा करार आहे. मी अमेरिकेचंच सांगतो, आमच्याकडे जास्त फायली तिथल्याच.

सगळ्यांत जास्त वेळ पत्त्यावर घालवा. तुम्ही दोघं राहिलात ते घर त्याने केव्हाच सोडलेलं असतं. सॅलरी स्लिप, मुलीच्या वाढदिवसाला आलेल्या पार्सलवरचं लेबल, काहीही चालेल, पण घर नंबर, अपार्टमेंट नंबर आणि झिपकोड तिन्ही हवेत. एका फायलीत मी 'अपार्टमेंट 2 बी' मधलं '2 बी' टाइप करायलाच विसरलो. चाळीसेक बिऱ्हाडांची इमारत. पाच महिन्यांनी पाकीट जसंच्या तसं परत. वकीलसाहेब काही बोलले नाहीत, चहा मात्र त्या दिवशी एकट्यासाठीच मागवला.

मग कोर्टात अर्ज द्यायचा, हेग करारानुसार बजावणीची परवानगी मिळावी म्हणून. त्याच वेळी तारीख किमान सहा महिने पुढची मागा. सवयीने महिन्याभराची पडते, आणि उलटलेल्या तारखेचं समन्स तिकडे पोचून उपयोग काय?

समन्स, याचिका, सोबतचे कागद, जे मराठीत आहे त्या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. लग्नपत्रिका जोडली असेल, तर तिचंसुद्धा. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' याचं इंग्रजी करताना भाषांतरकार बाईंनी मला दोनदा फोन केला होता. जर्मनीसाठी हेच जर्मनमध्ये करावं लागतं, शिवाय तिथे नुसत्या टपालाने पाठवलेलं चालत नाही.

हेगच्या फॉर्मचे तीन भाग : विनंती, प्रमाणपत्र (समन्स पोचलं की नाही याचं), सारांश. सगळं दोन प्रतींत. विनंतीवर सही-शिक्का कोर्टाचा, वकिलाचा चालत नाही. प्रमाणपत्र कोरं ठेवा, ते तिकडचे लोक भरतात. हौसेने भरून आणणारे भेटलेत मला! तिकडे समन्स पोचवायचं काम अमेरिकेच्या न्याय खात्याने खासगी कंपनीला दिलंय. तिची 95 डॉलर फी आधी भरून पावती जोडायची. पाठवण्याआधी आकडा एकदा ताजा बघून घ्या.

व्हॉट्सअॅपचं काय, हे सगळेच विचारतात. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निळ्या टिकांवरून नोटीस पोचल्याचं मानलं, हे खरं. पण ते प्रकरण क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं होतं आणि माणूस इथलाच होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 5, नियम 25 मध्ये परदेशातल्या प्रतिवादीला कुरिअर, ईमेलने पाठवायची सोय आहे. तीही परवानगी त्याच अर्जात मागून घ्या, पण जोडीला म्हणून. भिस्त हेगवरच ठेवा.

कागद रवाना झाले, की कुरिअरची पावती जपा आणि दर महिन्याला त्या कंपनीकडे ईमेलने चौकशी करत राहा. त्या ईमेलच्या प्रिंट पुढे लागतात. करारातल्या कलम 15 नुसार, पाठवून सहा महिने उलटले आणि खटपट करूनही प्रमाणपत्र आलं नाही, तर कोर्ट पुढे जाऊ शकतं. खटपट केली हे दाखवायला दुसरं काय असतं तुमच्याकडे?

प्रमाणपत्र आलंच, तर आधी झेरॉक्स काढा, मग मूळ प्रत कागदांच्या यादीसोबत कोर्टात दाखल करा. निशाणी नंबर (कोर्टाच्या फायलीत त्या कागदाला मिळणारा क्रमांक) पडला का, हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, स्वतः जाऊन बघा.