काकईचं बी दोरीला बांधण्याआधी नीट निवडा

पाऊस सरला, खाडीचं पाणी पुन्हा खारं होत आलंय. तराफे बांधायचे, दोऱ्या सोडायचे हे दिवस. काकई (हिरवा शिंपला; सिंधुदुर्गात, गोव्यात शिणाणे) आणि कालवं वाढवणाऱ्या गटांनी यंदा बी (म्हणजे शिंपल्यांची पिल्लं) आणि जुन्या दोऱ्या पाण्यात सोडण्यापूर्वी डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात.

कारण आहे मायटेला स्ट्रिगाटा हा परका शिंपला. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा. जहाजांच्या तळाला चिकटून आणि त्यांच्या टाक्यांतल्या पाण्यातून असे शिंपले जगभर फिरतात. 2014 मध्ये हा फिलिपिन्समध्ये दिसला, पुढे सिंगापुरात, आणि 2019 पासून केरळात त्याच्या नोंदी आहेत. कोल्लमच्या अष्टमुडी कायलात (खाऱ्या पाण्याच्या सरोवरात) त्याने चांगलंच बस्तान बसवलं. तिथल्या तिसऱ्यांच्या (चिखलात राहणाऱ्या छोट्या शिंपल्यांच्या) मासेमारीला 2014 मध्ये देशातलं पहिलं एमएससी, म्हणजे टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. आज तिथे दगड, खांब, दोऱ्या आणि चिखलावरही या शिंपल्याचे थर बसतात, आणि खालच्या तिसऱ्या गुदमरतात. किनारा एकच आहे, होड्या आणि बी दोन्ही वर-खाली जात असतात, म्हणून आपण आजच सावध व्हायला हवं.

ओळखायचा कसा? रंगावर जाऊ नका. हा बहुधा काळा-तपकिरी असतो, पण हिरवट झाकही सापडते. आकार पाहा: काकई आठ-दहा सेंटीमीटर होते, हा पाचच्या पुढे सहसा जात नाही. शंका आली तर एक शिंपला उघडून बिजागरीची जागा उजेडात धरा. काकईला तिथे ठळक दात असतात, एका शिंपीत दोन आणि दुसरीत एक, ते एकमेकांत बसतात. परक्याला असे ठळक दात नसतात. शिवाय काकईची चोच, म्हणजे बिजागरीजवळचा शिंपीचा उंचवटा, अगदी टोकाला असते, याची टोकापासून जरा मागे.

बी शक्यतो आपल्याच खडकांवरचं घ्या. बाहेरून आणलंच तर सावलीत पसरून एकेक घोस सोडवा. एक सेंटीमीटरच्या आतली पिल्लं घोसाच्या मधोमध दडलेली असतात, तीच नजरेतून सुटतात. बियाण्यासोबत आलेलं पाणी आणि ओली गोणपाटं खाडीत टाकू नका. पाणी किनाऱ्यापासून लांब कोरड्या जमिनीवर ओता, गोणपाटं जाळा.

दुसऱ्याकडून घेतलेल्या दोऱ्या, ड्रम, जाळी आधी खरवडा, मग कडक उन्हात आठवडाभर तरी वाळवा. घोसाच्या आत ओल राहिली तर शिंपले काही दिवस तग धरतात. दोरी गोड्या पाण्यात बुडवून भागेल, असं समजू नका. हळूहळू सवय झाली तर हा प्राणी हजारी दोन भाग इतक्या कमी क्षारतेतही जगतो. उकळत्या पाण्यात काढणं जास्त भरवशाचं. होडीचा तळ खरवडताना निघालेला कचरा भरतीरेषेच्या वर खड्ड्यात पुरा.

जेटीजवळ एखादं जुनं कौल दोरीने पाण्यात टांगून ठेवा आणि दर उधाणाच्या ओहोटीला वर काढून पाहा. अनोळखी शिंपला दिसला तर शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, दोन-चार नमुने बाटलीत ठेवा, आणि जिल्ह्याच्या मत्स्य व्यवसाय कार्यालयाला किंवा रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाला कळवा. ब्लीचिंग किंवा मोरचूद खाडीत ओतायच्या भानगडीत कोणी पडू नये. ऑस्ट्रेलियात डार्विनला 1999 साली काळ्या पट्ट्यांचा असाच एक शिंपला क्लोरीन आणि मोरचुदाने संपवला गेला, पण तिथल्या नौका-बंदरांना दारं होती, ती बंद करून पाणी कोंडता आलं. त्या पाण्यातलं इतर जीवनही त्यात गेलं. आपल्या खाड्यांना दारं नाहीत, आणि तिथे तिसऱ्या, कालवं, कोळंबी सगळंच आहे. तपासणी करायची ती दोरी पाण्यात सोडण्याआधीच.